चर्चला नको होता असा पक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोप कोणी उभा केला, असं विचारलं तर आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी मार्शल योजना येते, नाहीतर कामगार पक्ष आणि समाजवादी. पण इटलीत डिसेंबर १९४५पासून १९८१च्या मध्यापर्यंत प्रत्येक पंतप्रधान एकाच पक्षाचा होता, आणि तो पक्ष होता ख्रिस्ती लोकशाही पक्ष, म्हणजे देमोक्राझिया क्रिस्तियाना. पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सलर, कोनराड आडेनाऊअर, याच विचारप्रवाहाचा. त्याचा पक्ष १९४९पासून सलग वीस वर्षं सत्तेच्या प्रमुखपदी राहिला. नेदरलँड्समध्ये १९१८ ते १९९४ या काळात धर्माधिष्ठित पक्षांना वगळून एकही मंत्रिमंडळ बनलं नाही.

एवढी मोठी सत्ता असूनही या पक्षांचा गंभीर अभ्यास उशिराच सुरू झाला. समाजवादाच्या आणि फॅसिझमच्या अभ्यासाची दालनं भरून गेली, तरी ख्रिस्ती लोकशाहीवर मोजकीच पुस्तकं होती. त्यांतलं मायकेल फोगार्टी यांचं १९५७चं पुस्तक बरीच वर्षं पुरवून वापरलं गेलं. चित्र पालटलं ते १९९०च्या दशकात. तेव्हापासून या विषयावर जो वाद चालू आहे, तो धर्म आणि लोकशाही यांच्या नात्याबद्दल काही ठाम सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा.

शाळेवरून पेटलेलं भांडण

सुरुवात करायची तर बेल्जियमपासून करावी. १८७९ साली तिथल्या उदारमतवादी सरकारने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. प्रत्येक गावात सरकारी, धर्मनिरपेक्ष शाळा असलीच पाहिजे, आणि धर्मशिक्षण शाळेच्या वेळेबाहेर, असा त्याचा आशय होता. बिशपांनी उत्तर दिलं ते थेट चर्चमधून. सरकारी शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि तिथे मुलं पाठवणाऱ्या आईबापांना पापक्षमा नाकारायची, असा आदेश निघाला. खेड्यातल्या श्रद्धाळू बाईसाठी याचा अर्थ काय होत असेल, याची कल्पना करावी. मुलाला शाळेत घातलं म्हणून ईस्टरला पवित्र भाकर मिळणार नाही! गावोगाव वर्गणी काढून, मिळेल त्या जागेत कॅथलिक शाळा उघडल्या गेल्या, आणि पाहता पाहता निम्म्याहून जास्त मुलं त्या शाळांत जाऊ लागली. १८८०मध्ये सरकारने व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध तोडले. १८८४च्या निवडणुकीत उदारमतवाद्यांचा सपाटून पराभव झाला आणि कॅथलिक पक्ष जो सत्तेवर आला, तो पहिल्या महायुद्धापर्यंत हललाच नाही.

शेजारच्या नेदरलँड्समध्ये हीच लढाई प्रोटेस्टंटांनी लढली. १८७८च्या शाळा कायद्यावर राजाने सही करू नये, म्हणून कॅल्विनपंथी धर्मगुरू आणि संपादक आब्राहाम काइपर यांच्या चळवळीने तीन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. त्या वेळी देशात मतदानाचा हक्क असलेल्यांची संख्या याच्या निम्मीही नव्हती. राजाने सही केलीच. पण दुसऱ्याच वर्षी काइपर यांनी देशातला पहिला आधुनिक, शिस्तबद्ध पक्ष स्थापन केला.

जर्मनीत बिस्मार्कने १८७०च्या दशकात कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली. जेझुइट धर्मसंघाला हद्दपार केलं, धर्मगुरूंच्या शिक्षणावर आणि नेमणुकांवर सरकारी अंकुश आणला, विरोध करणाऱ्या बिशपांना तुरुंगात टाकलं. परिणाम उलटाच झाला. कॅथलिकांचा सेंट्रम पक्ष फोफावला.

कॅलिव्हास यांचा सिद्धांत

या साऱ्या हकिगती इतिहासकारांना ठाऊक होत्या. स्टाथिस कॅलिव्हास या ग्रीक राज्यशास्त्रज्ञाने १९९६च्या पुस्तकात त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याआधी लिपसेट आणि रोक्कान या अभ्यासकांच्या १९६७च्या निबंधाला धरून सगळे म्हणत की समाजात चर्च विरुद्ध राज्य अशी फूट होती, म्हणून तसे पक्ष निघाले. कॅलिव्हास विचारतात, फूट तर फ्रान्समध्येही होती, कदाचित सर्वांत खोल. मग तिथे त्या काळी असा पक्ष का उभा राहिला नाही?

त्यांचं उत्तर असं की हे पक्ष कोणालाच नको होते. चर्चला पक्ष नको होता, कारण पक्ष आला की श्रद्धावंतांचा पुढारी बिशप राहत नाही, निवडून आलेला वकील होतो. पुराणमतवादी पुढाऱ्यांनाही तो नको होता, कारण चर्चच्या हाती संघटना गेली तर आपली सरंजामी पत संपेल. उदारमतवाद्यांच्या हल्ल्याला तोंड देण्यासाठी चर्चने आधी संस्था काढल्या: शाळा, पतपेढ्या, वर्तमानपत्रं, शेतकऱ्यांचे संघ. मग या संस्थांची ताकद निवडणुकीत तात्पुरती वापरायचं ठरलं. अनपेक्षित यश आलं. आणि यश मिळवून देणारे सामान्य कार्यकर्ते, खालच्या श्रेणीचे पाद्री, गावचे वकील यांनी संघटना परत द्यायला नकार दिला. त्यातून पक्ष जन्मला. फ्रान्समध्ये चर्चने ही पायरी चढायचं टाळलं, राजेशाहीवाद्यांवर भिस्त ठेवली, आणि म्हणून पक्षही झाला नाही.

कॅलिव्हास यांची खरी करामत पुढच्या पायरीत आहे. पक्ष झाल्यावर त्याला मतं हवी असतात, युती करावी लागते, वेगवेगळ्या वर्गांचे लोक सांभाळावे लागतात. मग तो धर्माचा मुद्दा स्वतःहून मवाळ करत जातो. लोकशाहीवर विश्वास नसताना लोकशाहीत उतरलेली माणसं तिच्या नियमांनी बांधली जातात. कॅलिव्हास यांनी हीच मांडणी पुढे अल्जीरियातल्या इस्लामी पक्षाशी तुलना करताना वापरली.

कॅरोलिन वॉर्नर यांनी २०००मध्ये याच धाग्याला वेगळा पीळ दिला. फ्रान्स, इटली आणि जर्मनीतल्या युद्धोत्तर चर्चचा अभ्यास करून त्या म्हणाल्या की चर्चकडे हितसंबंध जपणारा गट म्हणून पाहा. त्याला शाळांना अनुदान हवं, कुटुंबविषयक कायदे हवेत. ते देईल असा पक्ष तो शोधतो आणि त्याला मतं पुरवतो.

हिशेबाची ही भाषा मला उपयोगी वाटते, पण पुरी पडत नाही. हिशेब जन्म समजावतो. जन्मलेल्या पक्षाने कामगारांना कारखान्याच्या कारभारात जागा का दिली, ते मात्र समजावत नाही.

पोपचं न ऐकणारे कॅथलिक

या पक्षांचं व्हॅटिकनशी नातं बाहेरून दिसतं तसं आज्ञाधारक नव्हतं. पोप तेरावे लिओ यांनी १८९१च्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात कामगारांच्या रास्त वेतनाची बाजू घेतली, पण याच पोपनी १९०१मध्ये बजावलं की ख्रिस्ती लोकशाही म्हणजे गोरगरिबांमधलं धर्मादाय काम, तिला राजकीय अर्थ देऊ नये. त्याआधी १८८७मध्ये बिस्मार्कला सात वर्षांचं लष्करी अंदाजपत्रक मंजूर करून हवं होतं. व्हॅटिकनने सेंट्रम पक्षाला पाठिंबा द्यायला सुचवलं. पक्षाचे नेते लुडविग विंटहोर्स्ट यांनी ऐहिक प्रश्नांत पक्ष स्वतंत्र आहे, अशी भूमिका कलोनच्या सभेत जाहीरपणे घेतली. ते निष्ठावान कॅथलिक होते आणि त्यांचा पक्ष चर्चच्या रक्षणासाठीच उभा होता, म्हणून या नकाराला वजन आहे.

इटलीत हा संघर्ष अधिक वेदनादायक झाला. सिसिलीतले पाद्री लुइजी स्तुर्झो यांनी जानेवारी १९१९मध्ये पोपुलारी पक्ष काढला आणि पक्षाच्या नावात कॅथलिक हा शब्द मुद्दाम येऊ दिला नाही. मुसोलिनीशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या व्हॅटिकनला स्तुर्झो अडचणीचे ठरले. १९२३मध्ये त्यांना पक्षाचं चिटणीसपद सोडावं लागलं, १९२४मध्ये देश.

त्यांचे सहकारी अल्चीदे दे गास्पेरी तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सूचिकाराची नोकरी मिळाली. एकेकाळी व्हिएन्नाच्या संसदेत बसलेला माणूस १९२९पासून पुस्तकांच्या नोंदी करत राहिला, आणि युद्ध संपल्यावर इटलीचा पंतप्रधान झाला. १९४८मध्ये त्यांच्या पक्षाला ४८.५ टक्के मतं आणि कनिष्ठ सभागृहात स्पष्ट बहुमत मिळालं. तरी त्यांनी छोट्या निधर्मी पक्षांना सरकारात घेतलं, कारण केवळ कॅथलिकांचं सरकार त्यांना नको होतं. १९५२मध्ये रोम नगरपालिकेच्या निवडणुकीत कम्युनिस्टांना रोखण्यासाठी नवफॅसिस्टांशी हात मिळवावा, असा पोप बारावे पायस यांच्या वर्तुळातून दबाव आला. दे गास्पेरी यांनी विरोध केला आणि बेत फसला. त्याच वर्षी त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती, आणि नन झालेली त्यांची मुलगी व्रत घेणार होती. त्यांनी कुटुंबासह पोपच्या भेटीची विनंती केली. भेट नाकारण्यात आली. त्यांनी कळवलं की ख्रिस्ती माणूस म्हणून मी हा अपमान सोसतो, पण पंतप्रधान या नात्याने मला खुलासा मागावा लागेल. ख्रिस्ती लोकशाहीचं तत्त्वज्ञान ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी या एका प्रसंगापाशी थांबावं. श्रद्धा आणि पद यांची इतकी स्पष्ट फारकत फार थोड्या निधर्मी पुढाऱ्यांनाही जमली आहे.

दोन महायुद्धांमधला काळोख

मात्र एवढीच बाजू सांगितली तर इतिहास खोटा होईल. २३ मार्च १९३३ला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने सेंट्रम पक्षाने मतदान केलं. ऑस्ट्रियात चॅन्सलर एंगेलबर्ट डोलफुस यांनी संसद मोडीत काढली आणि १९३४ची हुकूमशाही राज्यघटना पोपच्या १९३१च्या परिपत्रकाचा दाखला देत आणली. स्लोव्हाकियात नाझींच्या आश्रयाखाली राष्ट्राध्यक्ष झालेला योझेफ तिसो हा स्वतः पाद्री होता.

यातला एक धागा गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या विद्यापीठात विद्यार्थीदशेत आणि नंतर तिथले पुढचे हुकूमशहा अंतोनियो सालाझार ज्या संघटनेत वावरले, तिच्या नावातच ख्रिस्ती लोकशाही होती. तिथले त्यांचे मित्र मानुएल सेरेजेरा पुढे लिस्बनचे कार्डिनल झाले. या संस्कारातून आलेल्या सालाझारनी १९३३मध्ये जे राज्य उभारलं त्यात ना मोकळी निवडणूक होती ना सभेचं स्वातंत्र्य. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहियांना बोलू न देणारी राजवट ती हीच. कॅथलिक सामाजिक विचारातून एका बाजूला दे गास्पेरी निघतात आणि दुसऱ्या बाजूला सालाझार, हे गोव्याच्या वाचकाने तरी विसरू नये.

मग दोन्ही एकाच मुळातून कसे? अमेरिकी इतिहासकार जेम्स चॅपल यांनी २०१८च्या पुस्तकात याचं जे उत्तर दिलं ते मला सर्वांत पटतं. त्यांच्या मते १९३०च्या दशकापर्यंत बहुसंख्य कॅथलिक विचारवंत मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाचं स्वप्न पाहत होते. हुकूमशाह्या समोर उभ्या ठाकल्यावर त्यांनी ते स्वप्न सोडलं आणि आधुनिक राज्य गृहीत धरून, त्यात खासगी जीवनासाठी राखीव जागा मागायला सुरुवात केली. पण कोणती जागा? एका गटाला पितृसत्ताक कुटुंब वाचवायचं होतं आणि त्यासाठी कम्युनिझमविरुद्ध हुकूमशहाही चालत होता. दुसऱ्या, लहान गटाला कामगार संघटना, मतभिन्नता आणि इतर धर्मीयांशी बंधुभाव महत्त्वाचा वाटत होता. फॅसिझम हा त्यांचा शत्रू होता. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ या दुसऱ्या गटातले. चॅपल यांचा टोचणारा निष्कर्ष असा की १९४५नंतर सत्तेवर आलेल्या पक्षांत पहिल्या गटाचा वारसा अधिक होता.

इतिहासकार सॅम्युएल मॉइन यांनी २०१५मध्ये मानवी हक्कांबद्दल असाच धक्का दिला. व्यक्तीची प्रतिष्ठा ही १९४०च्या दशकातली परवलीची कल्पना उदारमतवाद्यांची नसून कॅथलिक पुराणमतवाद्यांनी पुढे आणलेली होती, असं ते म्हणतात. त्यांनी समाजवाद्यांचा आणि वसाहतविरोधी लढ्यांचा वाटा फार कमी धरला, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

१९४५ : ओसाड पडलेलं मैदान

युद्ध संपलं तेव्हा जुने उजवे पक्ष फॅसिस्टांशी केलेल्या सोबतीमुळे बदनाम झाले होते आणि कम्युनिस्ट दाराशी होते. मध्ये उरलेली जागा ख्रिस्ती लोकशाहीने भरली. ब्रिटिश इतिहासकार मार्टिन कॉनवे या परिस्थितीवर भर देतात: शीतयुद्ध, अमेरिकी मदत, शेतकरी आणि मध्यमवर्गाची भीती. शिवाय इटली, फ्रान्स आणि बेल्जियममध्ये बायकांना संसदेसाठी मताचा हक्क याच काळात मिळाला, आणि त्यांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात या पक्षांना मतं दिली.

जर्मनीत आणखी एक गोष्ट घडली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली भिंत तीन-चारशे वर्षांची. लग्नं जुळत नव्हती, दुकानंसुद्धा वेगळी. मारिया मिचेल आणि नोएल केरी यांच्या संशोधनात दिसतं की दोघांना एका पक्षात आणण्याचा निर्णय किती कष्टाने झाला.

राजकीय विचारवंत यान-वेर्नर म्युलर यांचा मुद्दा राज्यघटनांबद्दलचा आहे. लोकांनी मतं देऊन हुकूमशहाला मोकळी वाट करून दिली होती, म्हणून नव्या लोकशाहीत लोकेच्छेवरही लगाम हवा: घटना न्यायालय, मूलभूत हक्क, राष्ट्रांपलीकडच्या संस्था. जनतेवर पूर्ण भरवसा नसलेली ही लोकशाही घडवण्यात ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांचा हात मोठा होता.

कारखान्यातली खुर्ची

१९४९च्या सप्टेंबरात बोखुम इथे जर्मन कॅथलिकांचं अधिवेशन भरलं. खाण-पोलादाच्या त्या शहरात ठराव झाला की कारखान्याच्या कारभारात सहभाग हा कामगाराचा निसर्गदत्त हक्क आहे. पुढच्याच वर्षी पोपनी तो हक्क निसर्गदत्त नसल्याचं बजावलं. तरी १९५१मध्ये, कामगार संघटनांनी संपाची धमकी दिल्यावर, आडेनाऊअर यांनी त्यांचे नेते हान्स ब्योकलर यांच्याशी बोलणी करून कायदा आणला. हजाराहून अधिक कामगार असलेल्या कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. तो कायदा आजही आहे.

डच अभ्यासक केस व्हान केर्सबेर्खेन यांनी १९९५च्या पुस्तकात अशा तडजोडींनाच ख्रिस्ती लोकशाहीचा गाभा मानलं. भांडवल आणि श्रम, शेतकरी आणि शहर, यांच्यात सतत मध्यस्थी करणं ही त्यांची पद्धत. गोस्ता एस्पिंग-आंडर्सन यांनी १९९०मध्येच दाखवलं होतं की अशा देशांचं कल्याणकारी राज्य स्कँडिनेव्हियापेक्षा वेगळं आहे. पैसा भरपूर खर्च होतो, पण मदत नोकरीतल्या हुद्द्याला आणि कुटुंबप्रमुखाला जोडलेली असते. पाळणाघरं, वृद्धसेवा, इस्पितळं बऱ्याच अंशी चर्चशी जोडलेल्या संस्था चालवतात आणि खर्च सरकार उचलतं. कुटुंबाला, गावाला, संस्थेला जे जमतं ते वरच्या सत्तेने हिसकावू नये, हे १९३१च्या परिपत्रकातलं तत्त्व त्यामागे आहे.

या व्यवस्थेची किंमत बायकांनी मोजली. पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत कायदा सांगत होता की विवाहित स्त्रीने नोकरी करावी ती घरच्या कर्तव्यांना बाधा येत नसेल तरच. बायकांच्या मतांवर उभ्या राहिलेल्या पक्षांनी बायकांना हे दिलं. मध्यस्थीच्या कौतुकात याचा उल्लेख अभ्यासक अनेकदा ओझरता करतात, आणि ती मला या साहित्यातली मोठी उणीव वाटते.

युरोपीय संघ कोणाचा?

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान, आडेनाऊअर आणि दे गास्पेरी हे तिघंही सीमाभागातले किंवा सीमेजवळचे, तिघंही कॅथलिक, तिघांनाही जर्मन येत होतं. ९ मे १९५०च्या शूमान यांच्या घोषणेतून युरोपीय संघाचा पाया ठरलेला कोळसा-पोलाद समुदाय निघाला. तिघांना युरोपचे जनक मानण्यावर इतिहासकार अॅलन मिलवर्ड यांनी १९९२मध्ये सडकून टीका केली की संतचरित्रं पुरेत. राष्ट्रांनी आपापला स्वार्थ आणि अर्थव्यवस्था वाचवण्यासाठी हे केलं. वोल्फ्राम कायझर यांनी २००७मध्ये दप्तरं धुंडाळून उत्तर दिलं. १९४७पासून या पक्षांचे नेते जिनिव्हात गुपचूप भेटत होते, आणि त्या बैठकींत एकमेकांवर विश्वास तयार झाला होता. फ्रान्सला जर्मन कोळसा हवा होता हे खरंच. पण कालच्या शत्रूशी करार करताना पलीकडचा माणूस शब्द पाळेल असं वाटावं लागतं, आणि तो विश्वास या भेटींतून आला असं मला वाटतं.

ओहोटी आणि आजचा वाद

१९६०च्या दशकात चर्चमधली गर्दी ओसरली. डच कॅथलिक पक्षाची मतं १९६३मधल्या ३१.९ टक्क्यांवरून १९७२मध्ये १७.७वर आली, शेवटी तिथल्या तीन धार्मिक पक्षांनी १९८०मध्ये एकत्र येऊन एक पक्ष केला. इटलीत १९७४च्या सार्वमतात ५९ टक्के लोकांनी घटस्फोटाचा कायदा राखला, आणि १९९४मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशांखाली सगळा पक्षच विरघळला. जर्मनीत पक्ष टिकला, पण त्यात धर्म किती उरला यावर वाद आहे. कार्लो इनव्हेर्नित्झी आचेत्ती यांनी २०१९मध्ये आग्रहाने मांडलं की ही स्वतंत्र विचारसरणी आहे, सौम्य पुराणमतवाद नव्हे.

आता तिच्या नावावर हक्क सांगणारे वेगळेच आहेत. हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान यांनी २०१८मध्ये जाहीर केलं की ख्रिस्ती लोकशाही ही उदारमतवादी नसते. युरोपियन पीपल्स पार्टी या महासंघाने त्यांना वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं. त्यांचा फिदेस पक्ष बाहेर पडला तो मार्च २०२१मध्ये. फाबिओ वोल्केनश्टाइन यांनी २०२२च्या पुस्तकात म्हटलं की ओर्बान यांना तोतया ठरवून सुटका होणार नाही, कारण या परंपरेत हुकूमशाहीची वाटही आधीपासून आहे. म्युलर यांचा कल उलट आहे: युती, मध्यस्थी आणि सत्तेवरचे लगाम सोडले की नाव काहीही असो, ती ख्रिस्ती लोकशाही उरत नाही. मी म्युलर यांच्या बाजूने आहे. कुळ एक असलं तरी पक्ष ओळखायचा तो त्याने सत्तेवर कोणते लगाम मान्य केले यावरून.

जर्मनीत हा प्रश्न २९ जानेवारी २०२५ला संसदेत आला. स्थलांतरावरचा ख्रिस्ती लोकशाही पक्षाचा ठराव अतिउजव्या एएफडीच्या मतांनी मंजूर झाला. दोन दिवसांनी याच विषयावरचं विधेयक येणार होतं, आणि त्याआधीच कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही चर्चच्या बर्लिन कार्यालयांनी खासदारांना पत्र लिहून आक्षेप घेतला होता. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी माजी चॅन्सलर अँगेला मर्केल यांनी आपल्याच पक्षाचं पाऊल चुकलं असं जाहीर सांगितलं. ३१ जानेवारीला विधेयक पडलं. पक्षाचे काही खासदार त्या मतदानात उतरलेच नाहीत.